पिल्लं आईपासून तोडली की हगवण: ग्रोथ प्रमोटर पावडरीने आतड्याचं भलं होतं की नुसतं झाकलं जातं?

माळावरचा_शेतकरी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय. आमचं छोटं वराहपालन आहे. माद्या लार्ज व्हाइट यॉर्कशायर, नर ड्युरॉक. आधी पिल्लं दीड-दोन महिने आईजवळच असायची. मागच्या हिवाळ्यापासून २८ दिवसांवर तोडायला लागलो, म्हणजे मादी लवकर माजावर येते आणि वर्षाचं वेत वाढतं. माद्यांचं गणित जमलं, पिल्लांचं बिघडलं. तोडल्यावर चार-पाच दिवस सगळं ठीक, मग एकेकाला पाण्यासारखी पिवळट हगवण. डोळे आत जातात, शेपटीखाली कायम ओलं, पाठीचा कणा वर दिसतो. मरतात ती थोडीच, पण उरलेली खुरटतात. कितीही चारा, वजन धरत नाहीत.

एक विक्रेता पांढरी पावडर देऊन गेला. गोणीवर 'गट हेल्थ आणि ग्रोथ प्रमोटर' एवढंच छापलंय, आत काय आहे त्याचा पत्ता नाही. टनाला दोन किलो टाकायची. टाकल्यावर हगवण थांबली हे खरं सांगतो. बंद केली की परत सुरू. आता तो म्हणतो, कायम चालू ठेवा. या पावडरीने पिल्लाच्या पोटात नेमकं होतं काय? आणि कायम देणं बरोबर आहे का?

खुराकवाला
आधी ती गोणी बाजूला ठेवा. ज्याच्यावर आतला घटक लिहिलेला नाही ते जनावराच्या पोटात घालू नये, मग ते कितीही लागू पडो.

फीड मिलमध्ये काम करतो म्हणून अंदाज सांगतो. वजन वाढवायला डुकराच्या खुराकात मोरचूदही घालतात. टनाला किलोभर मोरचूद म्हणजे साधारण २५० पीपीएम (दहा लाखात २५० भाग) तांबं. पण मोरचूद निळं असतं आणि त्याने विष्ठा काळपट होते, म्हणजे तुमची पावडर ते नव्हे. झिंक ऑक्साइड पांढरं असतं. मात्र युरोपात हगवणीसाठी जो डोस चालायचा, २५०० ते ३००० पीपीएम जस्त, तो गाठायला टनाला तीन-साडेतीन किलोच्या वर लागतं. दोन किलोत अर्धा-पाऊणच डोस बसतो. तेव्हा एकतर पातळ केलेलं झिंक, नाहीतर कुठलंतरी अँटिबायोटिक, नाहीतर दोन्हींची खिचडी. कोलिस्टिन असेल तर आपल्याकडे २०१९ च्या जुलैपासून खाद्यप्राण्यांत त्यावर बंदीच आहे, फीड सप्लिमेंटमध्येसुद्धा.

हिशेबी
बंदी कागदावर. दुकानात काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे.

पण मला मूळ प्रश्न वेगळा आहे. पावडरीने हगवण थांबते, पिल्लू वाढतं, शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. मग 'झाकलं जातं' म्हणजे काय? थांबली ना हगवण?

गोठ्यातला_डॉक्टर
हिशेबी, प्रश्न रास्त आहे. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पिल्लू आईजवळ असतं तेव्हा तासाभराने थोडं थोडं, कोमट, पचायला तयार असं दूध मिळतं. त्या दुधातली साखर पोटातले लॅक्टोबॅसिलस जंतू आंबवतात, त्याने जठर आंबट राहतं. शिवाय आईच्या दुधातल्या प्रतिपिंडांचा आतड्याच्या आतल्या बाजूला रोज नवा लेप बसत असतो. आपण एका दिवसात हे सगळं काढून घेतो आणि समोर कोरडा भरडा ठेवतो. वर जागा नवी, शेजारी अनोळखी पिल्लं, मारामाऱ्या. परिणाम असा की पिल्लू खातच नाही. काही पिल्लं दोन-दोन दिवस गव्हाणीला तोंड लावत नाहीत.

खरी मोडतोड या उपाशी दिवसांत होते. लहान आतड्याच्या आत मखमलीसारखे उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. अन्न शोषण्याचं काम तिथे चालतं. आतड्याला पोसणारं बरंचसं अन्न रक्तातून नाही, थेट पोकळीतून मिळतं. पोकळी रिकामी राहिली की व्हिलाय झडतात. २१ दिवसांवर तोडलेल्या पिल्लांत ते एका दिवसात पाऊण उंचीवर आणि पाचेक दिवसांत निम्म्यावर आलेले दिसले आहेत. त्याच वेळी दूध पचवणारं लॅक्टेज घटतं आणि पिष्ट पचवणारी पाचकं अजून पुरती तयार झालेली नसतात.

मग तिसऱ्या दिवशी पिल्लाला कडकडून भूक लागते आणि ते बकाबका खातं. झडलेल्या आतड्याला ते पचत नाही. न पचलेली प्रथिनं खाली उतरतात आणि ई. कोलाय नावाच्या जंतूंना मेजवानी मिळते. त्यातले एफ-४ आणि एफ-१८ नावाची केसाळ चिकटवणी असलेले प्रकार आतड्याच्या भिंतीला चिकटून विष सोडतात. त्या विषाने आतडं पाणी शोषायचं सोडून उलटं बाहेर टाकू लागतं. माळावरच्या दादांना 'चार-पाच दिवस ठीक, मग हगवण' असं का दिसतं, ते यात आलं.

आता पावडर. अँटिबायोटिक असेल तर ते या साखळीची शेवटची कडी तोडतं, ई. कोलाय मारतं. आधीची उपासमार, झडलेलं आतडं, न पचलेली प्रथिनं तशीच राहतात. म्हणून पावडर बंद केली की हगवण परत. मी याला झाकणं म्हणतो ते एवढ्यासाठीच.

हिशेबी
पण नुसत्या निरोगी जनावरांतही अँटिबायोटिकने वजन वाढतं असं वाचलंय. ते कसं?

गोठ्यातला_डॉक्टर
वाढतं. १९४० च्या दशकाच्या शेवटी ज्यूक्स आणि स्टॉकस्टॅड हे अमेरिकेत लेडरले कंपनीत बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक बनवल्यावर उरलेला चोथा त्यांनी कोंबडीच्या पिल्लांना घातला आणि पिल्लं बी-१२ च्या हिशेबापेक्षा जास्त वाढली. तिथून हा धंदा सुरू झाला. कारणं आजही पूर्ण एकमताने सांगितली जात नाहीत. जंतू कमी म्हणजे अन्नात वाटेकरी कमी, आतड्याची भिंत पातळ राहते, पित्ताची मोडतोड कमी होते, आतली सूज उतरते, असं बरंच काही.

शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. जंतूविरहित वातावरणात वाढवलेल्या जनावरांत हा फायदा दिसत नाही. स्वच्छ, मोकळ्या शेडमध्ये थोडा दिसतो, घाणेरड्या आणि दाटीच्या शेडमध्ये भरपूर. पावडर जितकी लागू पडते, तितकं शेडमध्ये दुरुस्त करण्यासारखं जास्त आहे असं समजा. विक्रेता हे सांगणार नाही.

ओडेन्सेकर
डेन्मार्कमधून. इथे डुकरांच्या खाद्याच्याच क्षेत्रात आहे, म्हणून राहवलं नाही.

'पावडर बंद केली तर काय होईल' हा प्रयोग या देशाने सगळ्या देशावर करून बघितलाय. स्वीडनने वाढीसाठीची अँटिबायोटिक्स १९८६ मध्येच बंद केली होती. इथे १९९५ मध्ये ॲव्होपार्सिन या त्यातल्याच एका अँटिबायोटिकवर बंदी आली, १९९८ मध्ये मोठ्या डुकरांत वापर थांबला आणि २००० च्या सुमारास तोडलेल्या पिल्लांतही. मोठ्या डुकरांत फारसं काही बिघडलं नाही. पिल्लांत मात्र पहिली काही वर्षं हगवण वाढली आणि उपचारासाठी लागणारी औषधंही वाढली. विरोधक म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो. पण लांबचा हिशेब काढला तर १९९२ मध्ये एक किलो डुक्कर उत्पादनामागे सुमारे १०० मिलिग्रॅम अँटिबायोटिक लागायचं, ते २००८ मध्ये ४९ वर आलं. त्याच काळात उत्पादन जवळपास दीडपट झालं. संपूर्ण युरोपीय संघात बंदी १ जानेवारी २००६ पासून.

मधल्या काळात सगळे झिंक ऑक्साइडवर टेकले. तोडल्यानंतर दोन आठवडे, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. लागू पडायचं, आणि झकास. पण बहुतेक जस्त शेणातून बाहेर पडतं आणि शेतात साठतं. दुसरं, जस्ताला दाद न देणाऱ्या जंतूंत बऱ्याचदा अँटिबायोटिकला दाद न देण्याचा गुणही बरोबरच असतो. इथल्या डुकरांत पसरलेला एमआरएसए, म्हणजे अनेक अँटिबायोटिक्सना न जुमानणारा जंतू, त्यातलाच. जून २०२२ पासून तेही युरोपात बंद झालं. त्यानंतर नियोमायसिनचा वापर वर गेला, म्हणजे इथेही सगळं गोडगोड नाही.

मजा अशी की युरोपात २८ दिवसांच्या आत पिल्लू तोडायचं नाही असा नियम आहे. फक्त प्रत्येक गटानंतर पूर्ण रिकामं करून धुतलेलं स्वतंत्र शेड असेल तरच २१ पर्यंत मुभा. माळावरचे दादा, तुम्ही इथल्या तयारीशिवाय इथला २८ चा आकडा उचललाय. मी तुमच्या जागी असतो तर सरळ ३५ वर गेलो असतो.

म्हापशेकार
आमच्या गोव्यात घरामागे डुकरं पाळणारी जुनी माणसं पिल्लांना कसली पावडर देत नव्हती. भाताचा कोंडा, पेज, खोबऱ्याची पेंड, स्वयंपाकघरातलं उरलेलं. पिल्लू आईला दोन-दोन महिने लुचायचं. आमचं अगोंद गोवन डुक्कर तर आता नोंदणीकृत जात आहे. चौरीसला, म्हणजे आमच्या गोव्याच्या सॉसेजला, त्याच्या मांसाची सर दुसऱ्याला नाही. गावरान आतडंच चिवट, असं माझं मत.

गोठ्यातला_डॉक्टर
म्हापशेकार, चिवटपणा असेलही, पण मोठं श्रेय त्या दोन महिन्यांना द्या. रानात डुकरीण पिल्लांना तीन-चार महिने हळूहळू तोडते. पिल्लू दूध पिता पिता माती उकरतं, मुळं चघळतं, आतडं सवकाश शिकतं. यॉर्कशायरचं पिल्लूही दोन महिने आईजवळ ठेवलंत तर हगवण फार कमी दिसेल.

आणि स्वयंपाकघरातलं किंवा हॉटेलचं उरलेलं देत असाल तर नीट उकळूनच द्या. २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फिवर आसाम-अरुणाचलमधून देशात शिरला. कच्च्या डुक्करमांसाच्या तुकड्यातून तो सहज पसरतो आणि त्यावर औषध नाही.

माळावरचा_शेतकरी
डॉक्टर, ओडेन्सेकर, खूप आभार. खुराक सांगतो: मका भरडा, सोयापेंड भरपूर (प्रोटीन २२-२३ टक्के बसतं), गव्हाचा कोंडा, चुनखडीची पावडर, मिनरल मिक्स्चर, मीठ. सोबत शेजारच्या पोल्ट्रीवाल्याकडून ब्रॉयलरचं उरलेलं प्री-स्टार्टर स्वस्तात मिळतं, तेही मिसळतो. पिल्लांना आवडतं. पाणी निपलने. मागच्या खेपेला हगवणीबरोबर खोकला होता म्हणून आमच्याकडच्या डॉक्टरांनी टियामुलिन हे अँटिबायोटिक दिलं होतं. दोन पिल्लं मागच्या पायांनी लुळी पडली, ते कशाने कळलंच नाही.

गोठ्यातला_डॉक्टर
थांबा. लुळी पडली, हे महत्त्वाचं आहे.

ब्रॉयलरच्या फीडमध्ये कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीविरुद्ध सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन, मदुरामायसिन अशी औषधं बहुतेक वेळा असतात. आयोनोफोर म्हणतात त्यांना. टियामुलिन यकृतात त्यांचा निचरा अडवतं. दोन्ही एकत्र गेली की स्नायू झिजतात आणि जनावर मागच्या पायांनी बसतं. तुमच्या पिल्लांना तेच झालं असं मी इथून छातीठोक म्हणणार नाही, पण योगायोग फार जुळतोय. पोल्ट्री फीड आजपासून बंद. डॉक्टरांनाही सांगा की खुराकात पोल्ट्री फीड होतं, त्यांना कोणी सांगितलंच नसणार.

आता खुराकाकडे. २२-२३ टक्के प्रोटीन आणि तेही जवळपास सगळं सोयापेंडीचं, हेच मोठं दुखणं आहे. सोयाबीनमधली काही प्रथिनं लहान पिल्लाच्या आतड्याला ॲलर्जीसारखी खुपतात, आणि पेंड नीट भाजलेली नसेल तर ट्रिप्सिन अडवणारा घटकही शिल्लक असतो. तोडल्यावरचे दोन आठवडे प्रोटीन १७-१८ टक्क्यांवर आणा आणि लायसिन, मेथिओनीन, थ्रिओनीन ही अमिनो आम्लं वरून घाला. सोयापेंड कमी करून जागी चांगलं फिशमील किंवा दूध पावडर किंवा व्हे पावडर. महाग वाटेल, पण पिल्लू या दोन आठवड्यांत खातं तरी किती? खर्चाचा बाऊ करू नका.

दुसरं, चुनखडी. पिल्लाच्या जठरात आम्ल कमीच बनतं आणि चुनखडी आहे तेवढंही खाऊन टाकते. जठर आंबट नसेल तर प्रथिनं पचत नाहीत आणि जंतू जिवंत खाली उतरतात. सुरुवातीच्या खुराकात ती कमीत कमी ठेवा.

खुराकवाला
चुनखडीबद्दल डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. गिऱ्हाईक वजनाला स्वस्त म्हणून चुनखडी ढकलतं आणि मग त्याच खुराकात महागडं ॲसिडिफायर घालतं. एका हाताने आम्ल घालायचं, दुसऱ्या हाताने मारायचं.

ताईसाहेब_फार्म
आमच्याकडे शेळ्या आहेत, डुकरं नाहीत, पण धागा वाचतेय. ॲसिडिफायर, प्रोबायोटिक, प्रीबायोटिक, ओव्याचं तेल... बाजारात या सगळ्याचा सुळसुळाट झालाय. यातलं खरंच काय उपयोगी? की तेही पांढऱ्या पावडरीचीच भावंडं?

गोठ्यातला_डॉक्टर
ताई, सगळ्यांना एका माळेत ओवता येणार नाही.

माझा सगळ्यात जास्त विश्वास सेंद्रिय आम्लांवर. फॉर्मिक, लॅक्टिक, फ्युमॅरिक, सायट्रिक. जठर आंबट ठेवतात, आणि फॉर्मिकसारखं आम्ल जंतूच्या आत शिरून त्यालाही मारतं. पोटॅशियम डायफॉर्मेटला तर युरोपीय संघाने २००१ मध्येच डुकरांसाठी वाढीस मदत करणारा घटक म्हणून मान्यता दिली होती, अँटिबायोटिक नसलेला असा तो पहिलाच. ब्युटिरेट हे आतड्याच्या पेशींचं खाद्यच, पण ते खाली पोचावं म्हणून आवरण घातलेलं घ्यावं लागतं.

प्रोबायोटिकची गंमत अशी की 'प्रोबायोटिक' म्हणून काही एक वस्तू नाही. जंतूची जात कुठली, जिवंत किती, खाद्याची गोळी बनवताना उष्णतेत टिकले की मेले, यावर सगळं. बॅसिलस सबटिलिससारखे बीजाणू करणारे टिकतात, म्हणून कारखान्यात तेच वापरतात. लॅक्टोबॅसिलस नाजूक. परिणाम एका फार्मवर छान, दुसऱ्यावर शून्य, असं सर्रास होतं.

फायटेज आणि झायलनेजसारखी एन्झाइम्स मात्र नावाप्रमाणे काम करतात. फायटेज धान्यातला अडकलेला फॉस्फरस सोडवतं, म्हणजे फॉस्फरससाठी घालायचं डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) कमी लागतं. झायलनेजचा फायदा गहू आणि कोंडा असेल तिथे जास्त, नुसत्या मका-सोयावर फार अपेक्षा नको.

ओडेन्सेकर
ओव्याबद्दल एक. त्यातलं थायमॉल प्रयोगशाळेतल्या बशीत ई. कोलायला नक्की रोखतं. पण साधं तेल पिल्लाला दिलं तर ते जठर आणि सुरुवातीच्या आतड्यातच शोषलं जातं, खाली जिथे गरज तिथे पोचत नाही. म्हणून इकडे स्निग्ध आवरणातलं मिळतं. मूठभर ओवा टाकून युरोपातल्या प्रयोगाचे आकडे मिळतील असं समजू नका. वासाने पिल्लू खायला लागलं तर तो फायदा वेगळा.

म्हापशेकार
आणि ताक? आमच्याकडे उरलेलं ताक डुकराला जायचं.

गोठ्यातला_डॉक्टर
ताजं ताक चांगलंच. लॅक्टिक आम्ल तयार, थोडं लॅक्टोज, आणि पिल्लू आवडीने पितं. भांडं रोज धुवायचं, सकाळचं संध्याकाळी ठेवायचं नाही.

पण मी पुन्हा तिथेच येतो. या यादीतली एकही वस्तू उपाशी पिल्लाचं आतडं वाचवत नाही. पहिल्या ४८ तासांत प्रत्येक पिल्लाच्या पोटात काहीतरी जायलाच हवं. त्यासाठी दहाव्या दिवसापासून आईजवळ असतानाच थोडा थोडा क्रीप फीड, म्हणजे दुधाबरोबर चाखायचा पिल्लांचा खुराक, ठेवा, रोज ताजा. पिल्लांना चवीची ओळख होते आणि तोडल्यावर ती लवकर खातात. तोडल्यावर तोच खुराक कोमट पाण्यात पेजेसारखा कालवून पसरट थाळीत द्या, दिवसातून पाच-सहा वेळा, पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढाच. सगळी पिल्लं एका वेळी तोंड घालू शकतील इतकी थाळी मोठी. संध्याकाळी प्रत्येकाचं पोट हाताने चाचपा, ज्याचं खपाटीला गेलंय त्याला वेगळं घेऊन पाजा.

निपलमधून मिनिटाला अर्धा लिटर तरी पाणी येतंय का, बाटली धरून बघा. पहिला आठवडा पिल्लांच्या अंगाशी २६ ते २८ अंश राहायला हवं. तुम्ही हिवाळ्यात सुरू केलंत म्हणालात. आपल्याकडे माळावर रात्री पारा किती खाली जातो ते तुम्हालाच माहीत. बल्ब आणि भुसा.

हिशेबी
डॉक्टर, तुम्ही ई. कोलाय गृहीत धरलंय. दुसरं काही नसेल कशावरून?

गोठ्यातला_डॉक्टर
बरोबर पकडलंत. वयावरून अंदाज बांधतोय. आईजवळ असतानाच, एक-दोन आठवड्यांच्या वयात पिवळी, मलमासारखी हगवण असती आणि अँटिबायोटिकने हलली नसती, तर मी कॉक्सिडियाचं नाव घेतलं असतं. तोडल्यावर चार-पाच दिवसांनी पाण्यासारखी, हे ई. कोलायचं चित्र. तरी तपासणी करूनच घ्या. अजून औषध न दिलेल्या, नुकत्याच हगवण लागलेल्या पिल्लाच्या गुदद्वारातला स्वॅब घ्यायचा, बर्फावर. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कोणतं अँटिबायोटिक लागू पडतं तेही बघून घ्या. बिननावाच्या पावडरीवर इतके दिवस वाढलेले जंतू कशाकशाला दाद देत नाहीत ते कळू द्या.

माळावरचा_शेतकरी
सगळं वहीत उतरवून घेतलं. पुढचं वेत ३५ दिवसांवर तोडतो, क्रीप फीड दहाव्या दिवसापासून. आत्ताच्या गटाची पावडर लगेच बंद करू का?

गोठ्यातला_डॉक्टर
आत्ताचा गट हगवणीच्या मधोमध असेल तर आधी स्वॅब, मग तुमच्या डॉक्टरांच्या हाताने नाव माहीत असलेलं औषध, आणि पावडर बंद. हगवण लागलेल्यांना मीठ-ग्लुकोजचं पाणी वेगळ्या भांड्यात. जीव पाणी गेल्याने जातो. नवीन गटाला पहिल्यापासूनच पावडर नको. पावडरीचा मूठभर नमुना मात्र बंद पिशवीत तारीख घालून ठेवा, लॅबला विचारता येईल.

माळावरचा_शेतकरी
ठीक. शेवटचं एक. ते ब्रॉयलर फीड अर्धी गोणी उरलंय. फेकायचं जिवावर येतं. भावाकडे शर्यतीचा घोडा आहे, त्याला आंबोणात घातलं तर?

गोठ्यातला_डॉक्टर
अजिबात नाही!! घोड्याला मोनेन्सिनसारखी औषधं डुकरापेक्षा कितीतरी जास्त घातक, अगदी थोड्याने हृदयाचा स्नायू जातो आणि शर्यत सोडा, घोडा जागेवर कोसळतो. ज्याच्या कोंबड्या आहेत त्यालाच ती गोणी परत द्या.

ताईसाहेब_फार्म
आणि डुकरांचं तांबंवालं मिनरल मिक्स्चर शेजारच्या मेंढ्यांच्या गव्हाणीत जाऊ देऊ नका. मेंढीला जास्तीचं तांबं सोसत नाही, यकृतात साठतं. आमच्या वाडीत यावरून भांडणं झालीत.